मदत हवी आहे: 'पियानो फेज'चे विश्लेषण स्वतःच्या नृत्यरचनेत कसे उतरवावे?

तालीमखोली:
बेल्जियन नृत्यरचनाकार ॲन तेरेसा दे कीर्समाकर यांच्या 'फाझ' (१९८२) या कृतीतील 'पियानो फेज' हा भाग मी अभ्यासासाठी घेतला आहे. दोन नर्तकी शेजारीशेजारी एकच गिरकी आणि हाताचा एकच झोका करत राहतात. त्यांतील एक किंचित जलद होत जाते, दोघींची जुळलेली हालचाल सुटते आणि काही वेळाने पुन्हा जुळते. हे सारे मी बारकाईने टिपले आहे, तरीही तालमीत आमच्याकडून नक्कलच होते. विश्लेषणाकडून रचनेकडे जायचे कसे? मार्गदर्शकांना लवकरच दाखवायचे आहे, कृपया त्वरित सांगावे.

गिरगावकर:
नर्तक किती, संगीत कोणते आणि रचनेचा विषय काय, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

अवकाश:
हालचालीचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांच्या वजन, काळ, अवकाश आणि प्रवाह या चार घटकांनुसार तो झोका पुन्हा पाहा. हात फेकला जातो की नुसता सोडून दिला जातो, हे ठरवल्याखेरीज टिपणाचा उपयोग नाही. मी प्रत्येक कृती अशीच वाचतो.

समेवर:
त्याने हालचालीचा गुण कळेल, रचनेचा नियम नाही. हा भाग ज्यावर बेतला आहे, त्या अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांच्या १९६७च्या मूळ संगीतात दोन वादक १२ स्वरांची एकच आकृती वाजवतात; एक स्थिर राहतो आणि दुसरा एका स्वराने पुढे जाईपर्यंत वेग वाढवतो. आपल्या दुगुन-तिगुनीत, म्हणजे दुप्पट-तिप्पट लयीत, प्रमाण ठरलेले असते. येथे मधल्या काळात कोणतेच प्रमाण टिकत नाही आणि प्रेक्षक नेमका तोच निसटता भाग पाहत राहतो, म्हणून याला लयकारीचे, म्हणजे लयीच्या अशा हिशेबी खेळाचे, परदेशी रूप समजू नये.

कायदेविषयक:
१९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचनेचा समावेश नाट्यकृतीत होतो, मात्र ती लेखी किंवा अन्य रूपात नोंदलेली हवी. आपले आलेख जपून ठेवावेत.

तालीमखोली:
कायद्याविषयी माझा प्रश्न नव्हता. आम्ही चौघी आहोत, संगीत नाही, फक्त पावलांचा आवाज आहे. दादरला मध्य आणि पश्चिम मार्गांना जोडणाऱ्या पुलावरची दोन्ही बाजूंची गर्दी हा विषय आहे.

समेवर:
मग गिरकी आणि झोका दोन्ही सोडा, केवळ नियम ठेवा. पुलावरच्या चालण्यातून आठ पावलांची एक आकृती बांधा. तिघींनी ती स्थिर ठेवावी आणि चौथीने एका पावलाने पुढे जाईपर्यंत वेग वाढवावा. मूळ कृतीत मागच्या भिंतीवर तीन सावल्या पडतात, मधल्या सावलीत दोघी एकमेकींवर येतात आणि त्यांचे सुटणे तेथे चटकन दिसते. तुमच्याकडे ते काम आवाज करील: जुळले की एक ठोका, सुटले की दोन. चौथी जलद झाली की तिघी तिच्यामागे ओढल्या जातात का, हे आधी डोळे मिटून ऐका आणि येथे कळवा.