उकिडवं बसता येत नाही: गुडघा की घोटा?

ओटापुराण:
सत्तरीच्या बायका अजून टाचा टेकवून, उकिडवं बसून भाजी निवडतात. त्यांची पस्तिशीतली मुलं तसं बसायला गेली की मागे कलंडतात, त्यात जिमला जाणारीही आली. गुडघे कमजोर, की वजन जास्त? आणि पुन्हा जमवायचं तर सुरुवात कुठून करायची?

घोटेबाज:
बहुतेकदा घोटा. खाली बसताना नडगी पावलावर पुढे झुकावी लागते. पोटरीचा आतला स्नायू (सोलियस) आखडलेला असला की ती झुकत नाही आणि तोल टाचेमागे जातो. चूल जमिनीवर, शौचाला भारतीय भांडं, जेवायला पाट, त्यामुळे आधीच्या पिढीचा घोटा दिवसभरात कितीतरी वेळा पुरा वाकायचा. ओटा, कमोड आणि डायनिंग टेबल आल्यावर ती गरजच उरली नाही.

आधी तपासा. भिंतीकडे तोंड करून पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर ठेवा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का? दोन्ही पाय वेगवेगळे बघा, फरक असतो.

टेकत नसेल तर टाचांखाली ३ सेंमी जाड फळी घ्या. दोन पावलांत खांद्यांच्या रुंदीएवढं अंतर, चवडे किंचित बाहेर. खिडकीचे गज धरून खाली बसा, ३० सेकंद, पाच वेळा, रोज. सलग एक मिनिट आरामात जमलं की फळी १ सेंमीने कमी करा. सोबत भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण द्या, पण मागचा गुडघा वाकवून. सरळ ठेवलात तर ताण वरच्या स्नायूवर जातो, सोलियस तसाच राहतो.

हमखास चूक म्हणजे गुडघे आत पडणं. मग पावलाची कमान खचते आणि घोटा वाकल्याचा नुसता भास होतो. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं दुखलं तर थांबा, अडचण सांध्यात असू शकते.

लालमाती:
आता कुणीतरी ‘बैठका मारा’ म्हणेलच. तालमीतल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात. मांड्या दणकट होतात, पोटरी मोकळी होत नाही. सूर्यनमस्कारात टाचा टेकवतो तेव्हा गुडघा सरळ असतो, म्हणजे सोलियसला तिथेही ताण मिळत नाही.

सांधेदुरुस्ती:
जुन्या पिढीचे गुडघे अभंग होते असं मानू नका. वर्षानुवर्षं तासन्‌तास उकिडवं बसणं आणि गुडघ्याची झीज यांचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. आधीच झीज असेल किंवा सांधा बदललेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. इतरांनीही एका बैठकीला दोन-तीन मिनिटांवर जाऊ नये. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दाबली गेली तर पायाला मुंग्या येतात. फार वेळ दाबून राहिली तर पाऊल वर उचलता येत नाही. विळीवर बसायचं असेल तर १०-१५ सेंमी उंच पाट बरा.

आणि हा हालचालीचा आवाका झाला, श्रम नव्हेत. विहिरीवरून १५ लिटरचा हंडा आणणं म्हणजे १५ किलो पाणी, वर हंड्याचं वजन. ती मेहनत अशी बसून भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते.

ओटापुराण:
फळीऐवजी घडी केलेली सतरंजी चालेल?

घोटेबाज:
फरशीवर सरकते, शिवाय टाचेखाली दबते. फळीच घ्या आणि खाली रबरी पायपुसणं घाला.