‘सोडत’ की ‘यादृच्छिकीकरण’? धूम्रपान, डोळे आणि जनुके यांविषयीच्या काही शब्दांची चर्चा

विचारणा

नमस्कार. कोथरूडमध्ये भरणाऱ्या एका नेत्रतपासणी शिबिरासाठी मी मराठी माहितीपत्रक तयार करत आहे. धूम्रपानाने दृष्टी बिघडते हे त्यात सांगायचे आहेच, शिवाय हा संबंध आता जनुकीय माहितीच्या आधारे कसा तपासला जातो यावरही एक परिच्छेद हवा आहे. या पद्धतीला इंग्रजीत ‘मेंडेलियन रँडमायझेशन’ म्हणतात. मी ‘मेंडेलीय यादृच्छिकीकरण’ असे लिहून मसुदा आईला वाचून दाखवला, तेव्हा ती त्या शब्दापाशी थांबली आणि म्हणाली, “हे यादीतून आले का?” याहून सोपा शब्द आहे का? तसेच ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ यांतला कोणता शब्द कोठे वापरावा, आणि मॅक्युलाला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला, ‘पीतबिंदू’ म्हटलेले चालेल का?

पहिले उत्तर

ताई, ‘यादृच्छिक’ हा शब्द ‘यदृच्छा’पासून आला आहे. यदृच्छा म्हणजे कोणाच्याही योजनेवाचून आपसूक घडणे. यादीशी त्याचा संबंध नाही, पण मातोश्रींना दोष देता येणार नाही. बालभारतीच्या दहावीच्या गणितात ‘यादृच्छिक प्रयोग’ असल्यामुळे आजच्या मुलांना हा शब्द परका वाटत नाही. साठी ओलांडलेल्यांच्या कानावरून मात्र तो क्वचितच गेलेला असतो, आणि आपले वाचक बहुधा तेच असतील. मी आयुष्यभर सांख्यिकी शिकवली आणि तरीही येथे ‘सोडत’ सुचवतो.

आमच्या सोसायटीतल्या भिशीत बारा चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून हलवतात आणि चिठ्ठी काढायला सर्वांत लहान मुलाला बोलावतात. कोणाला पैशांची निकड आहे आणि कोणाचे कोणाशी पटत नाही, हे त्याला ठाऊक नसते, म्हणूनच तो हवा असतो. आई आणि बाबा यांच्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन-दोन प्रती असतात आणि त्यांतली कोणती एक अपत्याकडे जायची हे असेच अजाणतेपणी ठरते. मेंडेलने वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांचा जो निबंध 1866 मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा गाभा हाच आहे. ही सोडत गर्भधारणेच्या वेळी निघते, म्हणजे पहिली सिगारेट ओठांत धरण्याच्या कितीतरी आधी; शिवाय पुढे डोळे बिघडले म्हणून ती मागे जाऊन बदलत नाही. रोगाची कारणे शोधण्यासाठी ही सोडत पद्धतशीरपणे वापरावी, हा विचार जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम या साथरोगतज्ज्ञांनी 2003 मध्ये सविस्तर मांडला.

एवढा खटाटोप कशासाठी, हे आपल्या एका म्हणीत आहे: ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ विडी ओढणारा माणूस अनेकदा मद्यही घेतो, उन्हातान्हात राबतो, त्याचे जेवणखाण वेगळे असते. मग त्याच्या मोतीबिंदूचे खापर विडीवर फोडायचे की या शेजाऱ्यांवर? नुसते निरीक्षण येथे अडते. ही नवी पद्धत म्हणीच्या नेमक्या उलट जाते. ती गुण बाजूला ठेवून वाण पाहते, म्हणजे कोण विडी ओढतो यापेक्षा विडीकडे झुकवणारे जनुक सोडतीत कोणाकडे आले हे पाहते. (म्हणीतला ‘वाण’ मुळात रंग या अर्थाचा, ‘वर्ण’पासून आलेला आहे, बियाण्याचा वाण आठवून मी येथे थोडी ओढाताण करतो आहे, हे कबूल.)

‘आनुवंशिक’ म्हणजे पिढीतून पिढीकडे आलेले आणि ‘जनुकीय’ म्हणजे जनुकाशी संबंधित. माहिती ‘जनुकीय’ असते, कल ‘आनुवंशिक’ असतो. ‘अनुवांशिक’ हे रूप सर्वत्र दिसते, पण ते अशुद्ध आहे.

दुसरे उत्तर

मी नेत्रचिकित्सक आहे. सरांचे विवेचन आवडले, परंतु ‘सोडत’ या शब्दाबद्दल मला एक शंका आहे. सोडतीत घर लागते, बक्षीस लागते. ‘जनुकांच्या सोडतीत धूम्रपान लागले’ असे कोणी वाचले, तर ‘माझ्या नशिबातच विडी होती’ असे म्हणायला तो मोकळा होईल, आणि पुण्यात अशी उत्तरे देणाऱ्यांची वानवा नाही. 15 व्या गुणसूत्रावर निकोटिनच्या एका ग्राहीचे, म्हणजे पेशीवर निकोटिन जेथे चिकटते त्या जागेचे, जनुक आहे. त्याचा एक विशिष्ट प्रकार ज्याच्या वाट्याला येतो, तो धूम्रपान करत असेल तर दिवसाला सरासरी एखादी सिगारेट जास्त ओढतो. एवढेच. ज्याने कधी विडी पेटवलीच नाही, त्याच्यात तो प्रकार असून नसून सारखाच. आणि अशा माणसांत तो असूनही रोग वाढलेला दिसला नाही, तर दोष जनुकाचा नसून धुराचा आहे हे अधिक ठामपणे म्हणता येते.

‘पीतबिंदू’ अर्थाने अचूक आहे, पण शिबिरात तो घोटाळा करील. मोतीबिंदू आणि काचबिंदू या शब्दांत ‘बिंदू’ म्हणजे आजार, तर पीतबिंदू हा प्रत्येकाच्या निरोगी डोळ्यात असणारा, दृष्टिपटलाच्या मध्यावरचा भाग. “तुमचा पीतबिंदू तपासू या,” असे म्हणताच एका आजींनी मला विचारले होते, “मग याचेही ऑपरेशन करायचे का?” तेव्हापासून मी ‘पडद्याचा मधला भाग’ म्हणतो. वाचताना आणि चेहरे ओळखताना आपण तोच वापरतो. उतारवयात त्याची झीज होते आणि धूम्रपानाने ती होण्याचा धोका वाढतो, हे निरीक्षणांतून जुनेच ठाऊक होते. या झिजेच्या प्रगत अवस्थेतील 16,144 आणि ती नसलेल्या 17,832 व्यक्तींची जनुकीय माहिती 2016 मध्ये उपलब्ध झाल्यावर त्याची दुसऱ्या बाजूने पडताळणी करता आली. धूम्रपान सुरू करण्याचा आनुवंशिक कल असलेल्यांत ही झीज अधिक आणि ते सोडण्याचा कल असलेल्यांत कमी, असे 2021 मधील विश्लेषणात दिसले. अर्थात ही माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, हे पत्रकात लिहावे.

आणखी एक. ‘धूम्रपान’च्या जागी ‘तंबाखूसेवन’ लिहू नये. “धूम्रपान करता का?” असे विचारले की रुग्ण निःसंकोच “नाही” म्हणतो आणि त्याच वेळी खिशात चुन्याची डबी असते; मिश्री लावणाऱ्या मावशींना तर हा प्रश्न आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी 10.7 टक्के धूम्रपान करणारे आणि 21.4 टक्के धूरविरहित तंबाखू खाणारे किंवा लावणारे आढळले. वर सांगितलेले निष्कर्ष धुराचे आहेत. ते परस्पर मिश्रीला लावणे बरोबर नाही.

विचारणारीकडून

दोघांचेही आभार. ‘सोडत’ ठेवते, पण ती ‘लागू’ देत नाही. नवा परिच्छेद असा: “आईवडिलांकडून कोणते जनुक आपल्याकडे येते, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरते. काहींच्या वाट्याला धूम्रपानाकडे झुकणारा अनुवांशिक कल येतो. असा कल असलेल्या आणि नसलेल्या हजारो लोकांच्या डोळ्यांची तुलना केली, तेव्हा पडद्याच्या मधल्या भागाची झीज पहिल्या गटात जास्त आढळली. कल म्हणजे नशीब नव्हे. विडी न पेटवणाऱ्याच्या डोळ्यांत धूर जात नाही.”

पहिल्या उत्तरकर्त्याकडून

शेवटच्या वाक्यात धूर थेट डोळ्यांत जातो असे वाटते. त्यातले घातक घटक फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून पडद्यापर्यंत पोहोचतात, म्हणून ‘शरीरात’ करावे. आणि ताई, दुसऱ्या वाक्यात ‘अनुवांशिक’ आले आहे. फोनने बदलले असेल, पण छपाईला देण्यापूर्वी ‘आनुवंशिक’ करावे.