मदत हवी आहे: दादाचा बॉम्बे ब्लड ग्रुप निघाला, घरात बाकी कुणाचाच नाही

आम्ही परळला राहतो. मंडळाच्या शिबिरात दादाने रक्त दिलं आणि रक्तपेढीतून फोन आला: ग्रुप ओ नाही, बॉम्बे आहे, घरच्यांचीही तपासणी करा. कार्डावर आजवर ओ पॉझिटिव्हच होतं.

आई एबी, बाबा बी, मीही बी. एबी बाईला ओ मुलगा कसा, यावरून एका काकूंनी मागे नको ते बोलून घेतलंय. आई बाबांच्या मामाची मुलगी. त्याचा संबंध असेल का? माझ्या मुलांना होईल? आणि आजीच्या मनात दादासाठी आमच्या मामाची मुलगी आहे, तिचं काय?

प्रतिसाद:
काकूंना हे आधी वाचून दाखवा! ए आणि बी या लाल पेशींवरच्या खुणा, आणि दोन्ही एच नावाच्या पायावर उभ्या राहतात. एच बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बाबांकडून. एक चालू असली तरी भागतं. तुमच्या आईबाबांकडे एकेक प्रत बंद आहे, दादाच्या वाट्याला दोन्ही बंद आल्या. अशी शक्यता दर मुलामागे चारात एक. आईकडून आलेलं ए किंवा बी त्याच्यात आहे, पण पायाच नाही म्हणून पेशीवर दिसत नाही आणि साध्या तपासणीत तो ओ ठरतो. त्याचं सीरम (रक्तातला पेशी नसलेला पातळ भाग) ओ पेशींत मिसळलं की गुठळ्या होतात, तिथे खरं कळतं. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईतच हे नोंदवलं, म्हणून हे नाव.

नात्यातल्या लग्नात एकाच पूर्वजाची बंद प्रत दोन्हीकडून येऊ शकते. तुम्ही बी, म्हणजे बॉम्बे नाही. पण एक बंद प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. नवरा नात्याबाहेरचा असेल तर मुलांची चिंता सोडा. मामाच्या मुलीकडे ती बंद प्रत असण्याची शक्यता साधारण चारात एक, आणि असली तर दादाच्या दर मुलामागे बॉम्बे होण्याची शक्यता निम्मी. साध्या ग्रुप तपासणीत हे कळत नाही, जनुक तपासणी लागते. हा आजार नव्हे, माझ्या मते स्थळ नाकारण्याइतकं काही नाही. घोर रक्ताचा आहे: दादाला ओ रक्तही चालणार नाही.

धागाकर्ती:
बापरे. पुढच्या महिन्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन आहे, सर्जनना सांगितलेलं नाही.

प्रतिसाद:
उद्याच सांगा. शिबिरातली पिशवी अजून आहे का, तेही रक्तपेढीला विचारा. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, ती त्यालाच राखून ठेवता येईल का बघा.