११.५–८.५ या निकालावरून कोणते बुद्धिबळ-इंजिन सरस मानावे?

प्रतापनगरचा पालक:
दिव्या देशमुख २०२५ मध्ये बाटुमीहून महिला विश्वचषक जिंकून आली, तेव्हापासून आमच्या नागपुरात घरोघरी बुद्धिबळाचे पट मांडले जात आहेत आणि माझी मुलगीही स्पर्धा खेळू लागली आहे. तिच्या डावांच्या विश्लेषणासाठी एकच इंजिन (बुद्धिबळाच्या चाली शोधणारा संगणकीय प्रोग्रॅम) ठेवावे, या हेतूने मी दोन मोफत इंजिने लॅपटॉपवर एकमेकांविरुद्ध खेळवली (नावे मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा समर्थकांच्या वादात जाईल). प्रत्येक चालीस ५ सेकंद दिले होते. २० डावांपैकी पहिल्याने ५ जिंकले, २ हरले आणि १३ बरोबरीत सुटले. पहिलेच सरस, असा निष्कर्ष काढणे योग्य आहे का?

नाणेफेक:
नाही. बरोबरीचे डाव बाजूला ठेवले, तर आपल्या हाती केवळ ७ निकाल उरतात. एखादे नाणे ७ वेळा उडवले, तर कोणती तरी एक बाजू ५ किंवा अधिक वेळा पडण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के असते. म्हणजे दोन्ही इंजिने अगदी तुल्यबळ असती, तरी असा निकाल दिसणे मुळीच नवलाचे नव्हते. ११.५ गुणांवरून (विजयाला १, बरोबरीला अर्धा) इलोचा, म्हणजे खेळाची ताकद मोजणाऱ्या मानांकनाचा, फरक सुमारे ५२ निघतो खरा, पण २० डावांत त्याची ९५ टक्के खात्रीची व्याप्ती साधारण उणे ३५ पासून अधिक १४७ पर्यंत जाते. बरोबरीचे प्रमाण असेच राहिले, तर १००० डावांनंतर ही संभाव्य चूक अधिक-उणे १२-१३ इलो गुणांच्या आसपास येईल. स्टॉकफिश या मोफत इंजिनातील लहानसा बदलही स्वीकारण्यापूर्वी स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवले जातात, ते याच कारणाने.

धंतोलीकर:
डावांची संख्या वाढवण्याआधी परिस्थिती तपासावी, अशी माझी विनंती आहे. २०१७ च्या डिसेंबरात अल्फाझीरो या स्वतःच खेळून शिकलेल्या इंजिनाने स्टॉकफिश ८ विरुद्ध १०० डावांत २८ विजय आणि ७२ बरोबरी मिळवल्याचे जाहीर झाले, तेव्हा जाणकारांनी प्रतिचाल एक मिनिटाच्या ठरावीक वेळेवर आणि स्टॉकफिशला दिलेल्या अवघ्या १ गिगाबाइट हॅशवर (तपासलेल्या स्थिती साठवण्याच्या मेमरीवर) बोट ठेवले होते. पुढच्या वर्षी १००० डावांचा सामना प्रसिद्ध झाला. त्यात अल्फाझीरोचे १५५ विजय आणि ६ पराभव होते, तेव्हा कुठे तो वाद बराचसा निवळला. आपण दोघांनाही सारखेच थ्रेड (प्रोसेसरवर एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आणि सारखेच हॅश दिले होते का? प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याची सोय बंद होती का? ती चालू असेल, तर एकाच लॅपटॉपवर दोघेही एकमेकांचा प्रोसेसर ओरबाडतात. शिवाय एखादे इंजिन लीला नावाच्या इंजिनासारखे ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असेल, तर साध्या लॅपटॉपवर त्याची परीक्षा होतच नाही. सुरुवातीच्या ८-१० चाली ठरवून द्याव्यात आणि तीच स्थिती रंग बदलून पुन्हा खेळवावी. नाहीतर इंजिने तेच तेच डाव खेळत बसतात. आणि हो, मे महिन्यातल्या आपल्या दुपारी लॅपटॉपचा वेग किती उतरतो, हेही पाहावे. (शोधाची खोली मात्र तुलनेसाठी वापरू नये, कारण प्रत्येक इंजिन ती आपल्या पद्धतीने मोजते.)

प्रतापनगरचा पालक:
आपल्या सूचनेवरून सर्व डाव उघडून पाहिले आणि थोडा ओशाळलो. पहिल्याच्या ५ विजयांपैकी दोन डाव ३८ व्या चालीपर्यंत अक्षरशः एकच होते: तोच उंटाचा बळी, तोच हत्ती सातव्या रांगेत. तो एक वगळला तर ४ विरुद्ध २ उरतात, आणि नाण्याच्या हिशेबाने असे घडण्याची शक्यता ६९ टक्के येते. उष्णतेचेही खरे निघाले. शेवटचे ८ डाव वीज गेल्यावर, कूलर बंद असताना, बॅटरीवर झाले होते. त्यांत पहिल्याची गती सेकंदाला १२ लाख स्थितींवरून ७ लाखांवर आली होती, दुसऱ्याची मात्र फारशी घसरलीच नव्हती. म्हणजे हा ५-२ पहिल्याच्या बाजूने फुगलेला की दाबलेला, हेही मला सांगता येत नाही. आता प्रत्येकी २ थ्रेड, समान हॅश आणि १०० निवडक सुरुवाती घेऊन, रंग बदलून २०० डाव रात्री अकरानंतर चार्जर लावून खेळवतो आहे.

नाणेफेक:
उत्तम, परंतु १२० व्या डावाला एखादे इंजिन पुढे दिसले म्हणून मध्येच सामना थांबवू नये. २०० ठरवले असतील, तर २०० पूर्ण होऊ द्यावेत.