अनुभव धागा : इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नोकरीबद्दल विचारलं, तेव्हा तुम्ही काय बोललात?

धागाकर्ती (सातारा)

परदेशी शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांकडून मी इंग्रजी बोलण्याचा सराव करून घेते. वाचन-लेखनाची तयारी मुलं नीट करतात. बोलण्याची वेळ आली की मात्र कुठून तरी आलेली पीडीएफ पाठ करतात, आणि त्यातही सर्वांत जास्त घोकंपट्टी होते ती नोकरी आणि पुढच्या बेतांवरच्या प्रश्नांची. मला याचं फार वाईट वाटतं. अख्ख्या परीक्षेत हाच विषय असा आहे, ज्यातलं समोरच्या परीक्षकापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. तोच आपण दुसऱ्याच्या वाक्यांत सांगून येतो.

ज्यांनी अजून परीक्षा दिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आयईएलटीएस, म्हणजे परदेशी शिक्षणासाठी-नोकरीसाठी मागतात ती इंग्रजीची परीक्षा. तिची बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. पहिल्या भागात घर, काम, शिक्षण, आवडीनिवडी असे ओळखीचे प्रश्न येतात. दुसऱ्यात एक कार्ड मिळतं, विचार करायला १ मिनिट आणि बोलायला २ मिनिटांपर्यंत वेळ. तिसऱ्या भागात त्याच विषयावर जरा खोलात चर्चा होते. नोकरी तिन्ही भागांत येऊ शकते. गुण चार गोष्टींना सारखेच असतात : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. नोकरी मोठी की छोटी, याला गुण नाहीत.

परीक्षा कुठलीही असो, तुम्हाला काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं आणि त्यावर पुढचा प्रश्न काय आला, ते लिहा. पुढचा प्रश्न आवर्जून लिहा. पाठांतर गळून पडतं ते तिथेच.

मिरजेची सिस्टर (सध्या यूके)

ताई, मीच सुरुवात करते. मी मिरजेला एका रुग्णालयात आयसीयूत होते. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत (९ पैकी) ७ आणि लेखनात ६.५ लागतात, म्हणजे बोलण्यात हलगर्जी चालत नाही.

पहिल्याच भागात विचारलं, ‘व्हॉट डू यू लाइक मोस्ट अबाउट युअर जॉब?’ सरावाला आम्ही ज्या सगळ्या जणी होतो, त्यातल्या बहुतेकींचं उत्तर एकच होतं, ‘आय लव्ह सर्व्हिंग पीपल’. खरं असलं तरी त्यापुढे बोलायला काही उरत नाही. मी सांगितलं, व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर पेशंट पहिल्यांदा बोलतो, बहुतेक वेळा घोगऱ्या आवाजात पाणी मागतो, आणि आम्हाला लगेच देता येत नाही, आधी त्याला नीट गिळता येतंय का हे पाहावं लागतं. ते पहिलं बोलणं ऐकायला मला आवडतं. पुढचा प्रश्न आला, कामातलं काय आवडत नाही? मी नाइट ड्यूटीनंतरच्या हँडओव्हरबद्दल बोलले. डोळे मिटत असतात, पण एका औषधाची वेळ सांगायची राहिली तर नुकसान पेशंटचं होतं. ही वाक्यं मी कधी तयार केली नव्हती. रोज जगलेलं होतं ते.

तिसऱ्या भागात विचारलं, काही कामांना जास्त पगार मिळतो हे योग्य आहे का? यावर मला खूप बोलायचं होतं. परीक्षकांनी वेळ संपल्यावर मध्येच थांबवलं. बाहेर आल्यावर काही मुली ‘मला तोडलं’ म्हणून रडवेल्या झाल्या होत्या. मुलींनो, वेळ संपली की त्यांना थांबवावंच लागतं. त्याचा गुणांशी काही संबंध नाही.

माझी मैत्रीण ओईटीने गेली. ती परीक्षा खास आरोग्यक्षेत्रासाठी आहे. सुरुवातीला तुमच्या कामाबद्दल गप्पा होतात, पण त्यांना गुण नसतात. मग दोन प्रसंग येतात, प्रत्येकी साधारण ५ मिनिटांचे. समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होते आणि आपण आपणच, म्हणजे नर्स. तिला एका चिडलेल्या मुलाची समजूत काढायची होती, आईला रुग्णालयातून घरी न्यायला तो तयार नव्हता. ती म्हणते, ‘आयईएलटीएसमध्ये काम सांगावं लागतं, ओईटीत करून दाखवावं लागतं.’ जिला वॉर्डात नातेवाइकांशी बोलायची सवय आहे तिने ओईटीचा जरूर विचार करावा.

हिंजवडीकर

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, आयईएलटीएस दिली. सीएलबी (कॅनडाची भाषेची पट्टी) ९ हवं असेल तर बोलण्यात ७ लागतात.

आम्हा आयटीवाल्यांना जॉब इंटरव्ह्यूची इतकी सवय असते की ‘व्हॉट डू यू डू?’ ऐकलं की तोंडातून रेझ्युमे बाहेर पडतो. रिस्पॉन्सिबल फॉर, एंड टू एंड, स्टेकहोल्डर्स. समोरच्या परीक्षकाला आपल्याला नोकरी द्यायची नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. मी टेस्टिंगमध्ये आहे. मी सांगितलं, तुम्ही बँकेच्या ॲपवरून पैसे पाठवता आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क जातं. पैसे दोनदा कापले जाऊ नयेत, हे आधीच पाहून ठेवणं माझं काम. पुढचा प्रश्न मजेशीर होता : हे काम कंटाळवाणं नाही का होत? मी म्हटलं, होतं, तोच व्यवहार वेगवेगळ्या फोनवर पुन्हा पुन्हा करताना होतं. पण चूक सापडली की कंटाळा जातो.

मग विचारलं, पुढे हेच काम करत राहणार का? इथे अनेक जण घाबरतात. त्यांना वाटतं, ठाम बेत नसला तर वाईट दिसेल. काही जणांना तर हे उत्तर व्हिसाच्या फाइलला लागेल असं वाटतं. तसं काहीही नाही. माझा बेत खरोखरच पक्का नव्हता आणि मी तसंच सांगितलं. वर्षभर हेच करीन, डेटाकडे वळेन कदाचित, ते तिकडे कसं काम मिळतं त्यावर आहे, आणि पैशांची चिंता नसती तर शाळेत गणित शिकवलं असतं. आता यात व्याकरण किती आलं पाहा : ‘आय मे’, ‘इट डिपेंड्स ऑन’, ‘इफ आय डिडन्ट हॅव टू वरी अबाउट मनी, आय वुड...’ पक्क्या बेताला ‘आय विल’ एवढंच पुरतं. अनिश्चित माणसाला इंग्रजी जास्त वापरावी लागते, आणि इथे ते फायद्याचंच आहे.

वाचक, अमरावती

मधेच विचारतो, माफ करा. मी दोन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतोय, नोकरी नाही. बँकेत आहे असं सांगितलं तर चालेल का? कोण तपासायला येणार?

धागाकर्ती

दादा, तपासत कुणीच नाही. पण पहिल्या उत्तरानंतर बँकेतला दिवस कसा जातो, सहकारी कसे आहेत, हे प्रश्न येतील आणि तुम्हाला एकाच वेळी बँकही उभी करायची आणि इंग्रजीही. डोक्यावर दुप्पट ओझं कशाला? अभ्यासिकेत सकाळी जागा धरण्यापासून चालू घडामोडींच्या टिपणांपर्यंत तुमच्याकडे दोन वर्षांचा ऐवज आहे. तोच सांगा. नोकरी नसणं ही लपवायची गोष्ट नाही, परीक्षेत तर नाहीच. खाली एका ताईंचा अनुभव आलाय, तो वाचा.

नाशिकची गृहिणी

नवऱ्याला ऑस्ट्रेलियाची संधी आली. अर्जात माझ्या इंग्रजीचीही परीक्षा लागत होती. मुलं झाल्यावर मी शाळेची नोकरी सोडली होती. परीक्षेत बरेचदा विचारतात ते मला आधीच माहीत होतं, ‘डू यू वर्क ऑर आर यू अ स्टुडंट?’ या प्रश्नात माझ्यासारखीला जागाच नाही. आठवडाभर त्याच विचाराने झोप नव्हती. क्लासमधल्या एकांनी सुचवलं, ‘आय ॲम जस्ट अ हाउसवाइफ’ म्हणा आणि मोकळ्या व्हा. मला ते पटलं नाही.

मी म्हटलं, सध्या दोन्ही नाही; आधी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवत होते, आता घर आणि सासऱ्यांचं आजारपण पाहते. परीक्षक बाईंनी मान हलवून विचारलं, शिकवण्यातलं काय आठवतं? मी मुलांनी वाटाणे आणि मूग भिजवून मोड आणल्याचं सांगितलं. एकाने डबा उन्हात ठेवला, एकाने फ्रिजमध्ये, आणि मोड का आले नाहीत यावर वर्गात वाद झाला. मग विचारलं, पुन्हा शिकवायला आवडेल का? मी म्हटलं, आवडेल, पण तिथे शिक्षकाची नोंदणी करावी लागते, त्यामुळे आधी शाळेत मदतनीस म्हणून काम करीन.

बोलून झाल्यावर जाणवलं, एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं. बायांनो, ‘जस्ट’ म्हणू नका. घरात जे करता ते सविस्तर सांगा, औषधांच्या वेळा, महिन्याचा खर्च, मुलांचा अभ्यास. सगळं सांगण्यासारखं असतं.

तासगावचा

माझं जरा लांबेल. घरची द्राक्षबाग, बराचसा माल बेदाण्याला जातो. कृषी पदवीनंतर अन्नतंत्रज्ञानात पुढचं शिक्षण घ्यायचं म्हणून परीक्षा दिली. कार्ड आलं : पुढे करायला आवडेल असं एक काम. कोणतं, त्याबद्दल कसं कळलं, काय यावं लागतं, का आवडेल?

कागद-पेन्सिल देतात. मी मराठीतच चार शब्द लिहिले : शेड, रंग, २०१०, लॅब. त्या कागदाला गुण नसतात, त्यामुळे इंग्रजीत पूर्ण वाक्यं लिहिण्यात ते एक मिनिट घालवू नका.

मी सांगितलं, मला बेदाणा प्रक्रिया केंद्रात गुणवत्तेचं काम करायचंय. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर पसरतात, दोन-तीन आठवडे सावलीत वाळवतात. त्या दिवसांत अवकाळी आला की रंग जातो आणि रंग गेला की भाव जातो. हे मी लहानपणापासून पाहिलंय, म्हणजे ‘कसं कळलं’ ते आपोआप आलं. मग २०१० ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी क्लोरमेक्वॉट या वाढरोधकाच्या अवशेषांवरून युरोपात भारतीय द्राक्षं अडवली गेली होती. आमच्याकडे लोक त्या औषधाला लिहोसिन म्हणतात. परीक्षकाला ते नाव कळणार नाही म्हणून मी म्हटलं, वेलीच्या फांद्यांची वाढ रोखणारं रसायन. मी तेव्हा शाळेत होतो, पण घरातली बोलणी आठवतात. माल चांगला दिसतो आणि तरी परत येतो, हे का, ते समजून घ्यायचं म्हणून मला प्रयोगशाळेतलं काम हवंय. बोलत असतानाच दोन मिनिटं संपली.

तिसऱ्या भागात पहिला प्रश्न, तरुण घरचा व्यवसाय का सोडतात? दुसरा, यंत्रांमुळे कोणती कामं जातील? मी म्हटलं, आमच्याकडे बेदाणा निवडायला बायका येतात, रंग ओळखणारी यंत्रं आली आणि ते काम कमी झालं. परीक्षक म्हणाले, मग त्या बायकांनी काय करावं? हा प्रश्न कुठल्याच पीडीएफमध्ये नसतो. मी क्षणभर थांबलो, ‘दॅट्स अ हार्ड क्वेश्चन’ म्हटलं, आणि जे वाटत होतं ते बोललो : यंत्र चालवायला त्यांनाच शिकवावं, कारण रंगाची पारख त्यांच्याइतकी कुणालाच नाही, पण गावात तसं होताना दिसत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, का होत नाही? असं पाच मिनिटं चाललं. परीक्षा आहे हे मी विसरलो होतो. आजही त्या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि एक. मी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपल्याकडे बोलतात तसेच बोललो. उच्चारात समोरच्याला सहज कळतंय का, हे पाहतात. ओढूनताणून साहेबी सूर काढू नका, त्यात शब्द गिळले जातात.

नागपूरचा वैमानिक

आमची परीक्षा वेगळी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पट्टीवर किमान चौथी पातळी लागते. उच्चार, रचना, शब्द, ओघ, आकलन, संवाद अशा सहा गोष्टी तपासतात आणि त्यातली सर्वांत कमी पातळी हीच तुमची पातळी. चौथी असेल तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा, पाचवी असेल तर सहा वर्षांनी, सहावीला पुन्हा नाही. सुरुवातीला वैमानिक का झालात, पुढे कोणतं विमान उडवायचंय, असं विचारतात. रेडिओवर आपण ठरलेली छोटी वाक्यं बोलतो, त्यामुळे मोकळं बोलायची वेळ आली की चांगले चांगले अडतात. मित्राशी रोज एखाद्या उड्डाणाबद्दल साध्या इंग्रजीत बोला, एवढं पुरे.

संभाजीनगरकर

मी पीटीई दिली, म्हणजे संगणकावर होणारी इंग्रजीची परीक्षा. तिथे माणूस नसतो, हेडफोन आणि माइक. सुरुवातीला स्वतःची ओळख करून द्यायला ३० सेकंद असतात, त्याला गुण नाहीत, तरी मुलं त्यातच घाम गाळतात. आजूबाजूला सगळे एकदम बोलत असतात, त्याची सवय करा. ज्याला समोर माणूस असला की बोलणं सुचतं, त्याने आयईएलटीएसच द्यावी असं माझं मत.

वाचक, नांदेड

माझी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. सिस्टर, नोकरीबद्दलचा प्रश्नच कळला नाही तर काय करायचं?

मिरजेची सिस्टर

सरळ पुन्हा विचारायला सांगायचं, ‘कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ पहिल्या भागात ते फक्त प्रश्न परत वाचतात, अर्थ सांगत नाहीत. तिसऱ्या भागात वेगळ्या शब्दांत विचारायची विनंतीही करता येते. एकदोनदा असं विचारल्याने काही बिघडत नाही, अंदाजाने भलतंच बोलण्यापेक्षा ते बरं. पासपोर्ट विसरू नका, त्याशिवाय आत घेत नाहीत.

शुक्रवारी माझी सुट्टी आहे. भारतातल्या संध्याकाळी सातनंतर फोन करता येईल. मला निरोप पाठवा, प्रश्न मी विचारते. तुम्ही काय काम करता ते आत्ता सांगू नका, तेव्हाच ऐकते.