गणिताचा क्लास लावण्याआधी वाचन बघा

'मुलगे अवखळच, दहावीला येतील वळणावर' असं अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलग्यांबद्दल म्हणतात, ते मला नाही पटत. २०२२ च्या पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांचा गट) देशांतल्या मुली वाचनात मुलग्यांपेक्षा सरासरी २४ गुणांनी पुढे होत्या. गणितात उलट मुलगेच ९ गुणांनी पुढे. (भारत त्यात नव्हता, पण चित्र ओळखीचं वाटतं.)

इथे इंदूरला रामबागेत शेजारचा सातवीतला मुलगा माझ्याकडे गणित घेऊन येतो. तोंडी हिशेब फटाफट. शाब्दिक उदाहरण आलं की बोट ठेवून वाचतो आणि सुरुवातीची अक्षरं बघून पुढचं ठोकून देतो, 'परिमाप'चं 'परिणाम'! आई म्हणते, "काकू, लक्षच नसतं हो याचं." लक्ष असतं. वाचताना अडतो ते लपवायला दंगा करतो. 'ढ' म्हणवून घेण्यापेक्षा मस्तीखोर बरा, नाही का?

आधी डोळे तपासून घ्या. मग रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचन, क्रिकेटची बातमीसुद्धा चालेल. तरी गाडं हललं नाही तर डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचता-लिहिताना येणाऱ्या अडचणीची, तपासणी करा. प्रमाणपत्र असेल तर सीबीएसई बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. ते कागद मात्र नववीतच तयार ठेवा, ऐन दहावीत धावपळ होते.