मोह वेचणाऱ्यांना जंगलाबाहेर काढा म्हणे!

मोहझाड:
कालच्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या चर्चेत एका सदस्याने लिहिलं, "बफरमधलं मोह, तेंदू, सरपण सगळं बंद करा. माणूस आत गेलाच नाही तर वाघ मारेल कोणाला? पर्यटनातून या लोकांना रोजगार मिळतोच आहे." वाचून रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

माझं माहेर बफरमधलं, म्हणजे प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातलं. मार्च लागला की आई पहाटे चारला टोपली घेऊन निघायची. उशीर झाला की हरणं आणि गायी फुलं खाऊन टाकतात. कोणतं झाड कोणाचं हे गावात ठरलेलं असतं. फुलं सरली की मे महिन्यात विडीसाठी तेंदूची पानं. सत्तर पानांचा एक पुडा, असे शेकड्याने पुडे बांधायचे तेव्हा रोवणीपर्यंत चूल पेटते. पर्यटकांच्या जिप्सीवर काम आमच्या गावात चौघांना मिळालं. बाकीच्या घरांनी काय करायचं?

६२५ चौरस किलोमीटरचा कोअर, म्हणजे गाभा, आम्हाला आधीच बंद आहे. नवेगाव, जामणी, बोटेझरी ही तिथली गावं उठली. आता बफरमध्येही आमच्या बायांनी पाय ठेवायचा नाही? ज्या तारूवरून ताडोबा नाव पडलं, तो गोंडांचा देव. वाघाशी झुंजताना गेला असं सांगतात. त्याचीच माणसं उपरी कशी?

पट्टेरी:
ती पोस्ट माझी. एक शब्दही मागे घेत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाहीकडे तेंदू तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाने एकाच दिवशी मारल्या, विसरलात? वाकून पानं तोडणारं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं. दुसऱ्या एका गावात, आई गेल्यानंतर आठवड्याच्या आत पुडे बांधत बसलेलं दहा वर्षांचं पोर मी पाहिलंय. तुम्ही हक्क म्हणता, मला ते पोर दिसतं.

झाडीपट्टीचा:
भाऊ, त्या पोराला पुडे बांधायला कोणी बसवलं? पोटाने. तुमची बंदी त्याचं पोट भरणार आहे का? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाची, म्हणजे मोह, तेंदू, बांबू यांची मालकी आम्हाला दिली आहे, आणि तो कायदा अभयारण्यातही लागू आहे. वाघासोबत आम्ही राहतो, तुम्ही दोन दिवस येऊन फोटो काढता.

पट्टेरी:
वैयक्तिक होऊ नका. अकरा वर्षं जंगलात वाघ टिपणारे कॅमेरा ट्रॅप लावतोय, पायी.

जाळरेषा:
वाघाचं सोडा, वणव्याचं बोला. माझे वडील वनरक्षक होते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. त्या चार महिन्यांत ते घरी जेवले असे दिवस मोजून सांगता येतील. हातात झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन आग झोडपायची, दुसरं साधन नाही. एकदा पायाचे तळवे भाजून घरी आले. आग कुठून लागली? मोहाखालून. फुलं दिसावीत म्हणून पाला जाळला आणि तशीच सोडून गेले. त्यात घरटी जातात, रोपं जातात. याबद्दल मोहझाड ताईंनी एक ओळ लिहिली नाही.

झाडीपट्टीचा:
सगळं मोहावर ढकलू नका जी. तेंदूला नवी कोवळी पालवी यावी म्हणून आग कोण लावतं? बेलकटाईचे, म्हणजे तेंदूची झुडपं छाटायचे पैसे वाचवायला ठेकेदाराची माणसं. पाहिलंय मी, दोन वर्षं फळीवर, म्हणजे तेंदू गोळा होतो तिथे, मुनीम होतो. आणि नाव येतं गावाचं.

जाळरेषा:
म्हणजे मुनीम असताना पाहिलंत आणि गप्प बसलात?

झाडीपट्टीचा:
हो, बसलो. मजुरी अडकली होती. तुमच्या वडिलांना सरकारचा पगार होता, मला नव्हता.

जाळरेषा:
त्या पगारात भाजलेले तळवे येत नाहीत. वडिलांवर बोलू नका.

मोहझाड:
दोघेही थांबा. जाळरेषा दादा, लिहिलं नाही हे खरं. माझी मावशी जाळायची पाला. विझवूनच निघायची, पण वारा आला की काय होतं ते मलाही माहीत आहे. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण यावर उपाय गावच काढू शकतं. चंद्रपूर जिल्ह्यातलंच पाचगाव घ्या. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क मिळाला आणि ग्रामसभेने ठरवलं की तेंदू तोडायचाच नाही, कारण त्यापायी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात. हातचा पैसा सोडला त्यांनी. बांबूवर गाव चालवलं. वनखात्याच्या कोणत्या आदेशाने हे झालं असतं?

जाळरेषा:
पाचगाव मान्य. गडचिरोलीतलं मेंढा-लेखाही मान्य, तिथे २००९ पासून हक्क आहे आणि जंगल उभं आहे. पण दरवेळी हीच दोन नावं ऐकतो. शेजारच्या गावांचं काय?

झाडीपट्टीचा:
शेजारच्या गावांचे वनहक्काचे दावे धूळ खात पडलेत. आमचा नकाशा तीनदा परत आला, दरवेळी सही वेगळ्या साहेबाची हवी. हक्क हातात नाही तोवर जंगल कोण राखेल, आणि कशाला?

पट्टेरी:
पाचगाव बफरमध्ये नाही. तिथली वाघांची दाटी आणि इथली एक नाही. तरीही सरसकट बंदी हा शब्द मी घाईत लिहिला, एवढं मान्य करतो. पण जिथे वाघीण पिल्लांसह आहे तो पट्टा त्या हंगामापुरता बंद हवा, आणि त्या घरांना मजुरी भरून द्यायला हवी. यावर हटणार नाही.

मोहझाड:
मजुरी आधी हातात, मग पट्टा बंद. आणि कोणता पट्टा ते ग्रामसभेत बसून ठरवायचं.

जाळरेषा:
आणि पाल्याचं? मोहाखाली जाळी अंथरली तर जाळायची गरजच पडत नाही, फुलं स्वच्छ मिळतात. वडील हे वीस वर्षं सांगत होते.

मोहझाड:
आईने यंदा जुन्या साड्या जोडून अंथरल्या होत्या. दोन झाडांपुरत्या झाल्या. आमच्या वाट्याची झाडं नऊ आहेत.